धावताना ऐकायची ख्रिस्ती भक्तिगीते: मंदावणाऱ्या पावलांवर सापडलेला उपाय

भक्तिगीत लावले की माझी पावले मंदावत आणि जलद गाणी लावली की त्यांतील नको असलेले शब्द सायंप्रार्थनेपर्यंत मनात घोळत राहत. गीतांचा वेग सव्वापट करून पाहिला, तर शब्द कळेनासे झाले. नुसत्या वाद्यसंगीताने मन भरकटले. सहा आठवडे यातच गेल्याने मी पुरता वैतागलो होतो.

शेवटी, संगीत न लावता धावताना 30 सेकंदांतील पावले मोजून दुप्पट केली, तेव्हा मिनिटाला 160 हा आकडा मिळाला. मग प्रत्येक गीताचे ठोके 15 सेकंद मोजून चौपट केले आणि 160 किंवा त्याच्या निम्मे, म्हणजे 80 ठोक्यांची गीते वेगळी काढली, कारण 80 ठोक्यांच्या गीतात प्रत्येक ठोक्याला दोन पावले बसतात. (हे मला फार उशिरा सुचले.) त्यानंतर चाल बाजूला ठेवून केवळ शब्द वाचले आणि बायबलच्या फिलिप्पैकरांस पत्र 4:8 मधील सत्य, न्याय्य, शुद्ध या कसोट्यांना न उतरणारी गीते वगळली. शेवटी आपोआप पुढचे गाणे सुचवणारी सोय बंद केली आणि सावकाश चालण्याच्या अखेरच्या पाच मिनिटांसाठी एक संथ स्तोत्र ठेवले.