‘तुम्ही तयार आहात का?’ या प्रश्नात मी कशी फसले

आरोग्य केंद्र नवी पद्धत स्वीकारायला किती तयार आहे, हे मोजायला निघालात तर वीज, नेट, यंत्रं, माणसं ही यादी तुमच्याकडे असेलच. तिच्याबद्दल एवढंच सांगते, की ‘आहे’ म्हणाले म्हणून खूण करू नका, समोर चालू करायला लावा.

मी फसले ती ‘तुम्ही’ या शब्दात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातलं एक केंद्र. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञांचा सल्ला घेणं तिथं रुळेल का, हे बघायचं होतं. प्रश्नावलीतलं मूळ इंग्रजी विधान ‘इथं काम करणारे लोक’ असं, सगळ्यांबद्दल होतं. बोलायला सोपं जावं म्हणून मी ते ‘तुम्ही या बदलाला तयार आहात का?’ असं केलं. सिस्टर म्हणाल्या, “होय की, मी तयारच आहे.” मी पाचपैकी पाच गुण दिले. मराठीतलं ‘तुम्ही’ एकालाही चालतं आणि सगळ्यांनाही. कन्नडमधल्या ‘नीवु’चंही तेच. त्या स्वतःबद्दल बोलत होत्या, मी लिहिलं केंद्राबद्दल.

चार महिन्यांनी गेले तर सिस्टरांची बदली झालेली. टॅब कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. फार्मासिस्ट म्हणाले, “ते सिस्टरांचं काम होतं.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

संस्थांमधल्या बदलाचे अभ्यासक ब्रायन वायनर यांनी २००९ मध्ये मांडलेली गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली होती: तयारी ही सगळ्यांची मिळून असते. बदल करायचाच हा निश्चय आणि आपल्याला तो जमेल हा विश्वास, दोन्ही सामायिक हवेत. म्हणून ‘या केंद्रातले आपण सगळे’ असंच विचारा. प्रत्येकाला वेगळं, डॉक्टर समोर नसताना. आणि उत्तरं फार फाकली तर सरासरी काढूच नका. एकाचे पाच आणि दुसऱ्याचा एक मिळून तीन होतात, पण तीनची तयारी तिथं कुणाचीच नसते. एकमत नाही, हाच तुमचा निष्कर्ष.

व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवायचा शॉर्टकट घेऊ नका. एकजण भरतो, बाकीचे तेच उतरवतात. तुमच्या संशोधनाचे गाइड कितीही मोठे असोत, ओपीडीत बसून त्यांनी स्वतः एकही प्रश्नावली भरून घेतली नसेल, तर त्यांचा सल्ला आकड्यांपुरताच घ्या. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. आपल्याकडे बोलणं मराठीत आणि रजिस्टर कन्नडमध्ये असं सर्रास असतं.

पहिली काही केंद्रं चुकली तर घाबरू नका. मी सगळीकडे परत गेले, चूक सांगितली, कुणीही परत पाठवलं नाही. उलट डी ग्रुपच्या, म्हणजे साफसफाई-मदतीचं काम करणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “पावसात दोन-दोन दिवस नेट नसतंय, तवा पेशंटला काय सांगायचं, हे ठरलंय काय?” पहिल्या फेरीत मी त्यांना विचारलंच नव्हतं. आता त्यांचा फॉर्म मी सगळ्यांत आधी, वाचून दाखवून भरून घेते.