प्रोजेक्टरचं तिरकं चित्र असं सरळ केलं

जुळे सोलापुरातल्या घरी प्रोजेक्टर लावला, तर चित्र वर रुंद, खाली अरुंद. मेनूतून कीस्टोन (तिरक्या कडा सरळ करणारी सेटिंग) वापरून ते दुरुस्त केलं. कडा सरळ झाल्या, पण अक्षरं पुसट. त्यात कमी पिक्सेलांत चित्र कोंबलं जातं. म्हणून कीस्टोन शून्यावर आणलं, प्रोजेक्टर सपाट ठेवला आणि पडदाच खाली घेतला, लेन्स त्याच्या खालच्या कडेच्या उंचीला येईल इतका. सगळा फरक इथेच पडला!

अंतराचं गणित सोपं: 100 इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, 16:9) पडदा सव्वासात फूट रुंद, माझ्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5, म्हणजे साधारण 11 फूट. भोकं पाडण्याआधी हे मोजाच.

पश्चिमेच्या खिडकीला आईची जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून लावली. आता दुपारीही काळा रंग बऱ्यापैकी काळा दिसतो.