टर्कीची पिल्लं आणायच्या आधी

आधी कॅलेंडर काढा आणि नाताळपासून उलटं मोजत या. आपल्या नाशिकमध्ये टर्कीचं गिऱ्हाईक वर्षभर तुरळक आणि डिसेंबरात एकदम. नर सात-आठ किलोंचा व्हायला २४ आठवडे जातात, म्हणजे पिल्लं जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दारात हवीत. नेमका पाऊस लागलेला असतो तेव्हा. त्र्यंबक-इगतपुरीकडे असाल तर शेडची पत्रं, पन्हळ आणि भोवतीचा चर मे महिन्यातच उरकून घ्या. सिन्नरकडचे थोडे निवांत राहू शकतात.

मग जागा. इथे मी हट्टी आहे: ज्या जमिनीवर गेल्या काही वर्षांत कोंबड्या फिरल्यात, ती टर्कीला देऊ नका. ब्लॅकहेड नावाचा रोग कोंबडीला फारसा जाणवत नाही, पण टर्कीच्या कळपात शिरला की निम्मी खुराडी रिकामी करतो. त्याचा सूक्ष्मजीव कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून पसरतो. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळं ती गिळतात आणि पावसात वर आलेलं गांडूळ टर्की टिपते. विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली, पंख खाली लोंबले, की तोवर उशीर झालेला असतो. यावर लस नाही. म्हणून कोंबड्या वेगळ्या आणि टर्कीच्या कुंपणात जायची चप्पलसुद्धा वेगळी. टर्कीची अंडी खुडूक कोंबडीखाली घालायची आपल्याकडची पद्धतही सोडा. अंडी उबायला कोंबडीचे २१ दिवस लागतात, टर्कीचे २८. शिवाय पिल्लांची पहिली ओळख रोगाच्या घरातच होते.

कुंपण पाच-सहा फुटांची चेनलिंक जाळी. एका एकरात २०० ते २५० मोठे पक्षी राहतात म्हणतात, पण पहिल्या वर्षी तुम्ही २५-३०च्या वर जाऊ नका. कुंपणाच्या आत वाकून एक फेरी मारा. द्राक्षबागेच्या तारेचे तुकडे, ठिबकच्या पिना, खिळे, काचा सगळं वेचा. चकाकणारं काहीही टर्की गिळते. लांब वाळलेलं गवत कापून टाका, त्याचा गोळा तिच्या गळपिशवीत अडकतो. आणि बाग शेजारी असेल तर शेजाऱ्याशी आताच बोला. तुमचे पक्षी सप्टेंबरात बाहेर पडतील आणि ऑक्टोबरच्या गोडी (म्हणजे फळांसाठीच्या) छाटणीनंतर त्याच्या फवारण्या सुरू होतील. फवारणीच्या दिवशी कळप आत, हे ठरवून ठेवा.

आता पहिले सहा आठवडे. ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब द्यायच्या जागेला, कोपरे नकोत. दीड फूट उंचीच्या पत्र्याचं गोल कडं करा, कारण पिल्लं घाबरली की कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिले चार-पाच दिवस खरखरीत कागद. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर ठेवाच, पण बघायचं पिल्लांकडे: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कड्याला चिकटली तर उकाडा. लाइट जाणारच, तेव्हा कोळशाची शेगडी तयार ठेवा आणि शेगडी असताना खिडकी उघडी.

पहिल्या खेपेला माझी १२ पिल्लं दाण्याच्या शेजारी बसून उपाशी मेली. टर्कीच्या पिल्लाला खाणं शोधता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाका, म्हणजे चोच तिकडे जाते आणि पिल्लू बुडतही नाही. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. दाण्यात बोटाने टकटक करा, मोठी मादी चोचीने करते तसं. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून आणि बारीक चिरलेली लसूणघास (हिरवा चारा, लसूण नव्हे) वरून. लिटरभर पाण्यात १०० मिली दूधही द्यावं, मात्र ते भांडं दिवसातून दोनदा धुवा. खाद्यात प्रथिनं २८ टक्क्यांच्या आसपास लागतात. कोंबडीच्या पिलांचं खाद्य त्यांना पुरत नाही. मानमोडी (राणीखेत) आणि देवीच्या लसींचं वेळापत्रक पिल्लं यायच्या आधीच पशुवैद्यकांकडून लिहून घ्या.

आठ आठवडे होऊन पाठीवर पिसं भरल्याशिवाय पावसात सोडू नका. भिजलेलं अर्धपिसं पिल्लू संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

रात्रीचं काय, हे सगळे विसरतात. टर्कीला उंचावर झोपायचं असतं. दांडी नसेल तर ती कडुनिंबावर किंवा तुमच्या घराच्या कौलांवर चढेल. आपल्याकडे उसातून बिबट्या येतो, मुंगूस आणि मोकाट कुत्री तर रोजचीच. म्हणून वरून झाकलेलं शेड, दर पक्ष्याला तीन-चार चौरस फूट, आणि आत अडीच फुटांवर जाड गोल दांड्या. त्याहून उंच ठेवल्या तर जड नर उडी मारताना पाय दुखावून घेतात. संध्याकाळचा दाणा रोज शेडमध्येच द्या आणि रोज एकाच आवाजात हाक द्या. दोन आठवड्यांत कळप स्वतःहून आत येतो. दिवसा हाकायला लांब बांबूच्या टोकाला फडकं पुरतं. पळायचं नाही, फक्त मागे चालायचं.

आता नर. पाच माद्यांमागे एक नर ठेवा, बाकीचे आधी विका. नर फुगतो, पंख जमिनीला घासतो, डोक्याचा रंग लाल, निळा, पांढरा असा पालटत राहतो. १६१२ साली गोव्याहून आलेली टर्की बघून बादशहा जहांगीरही चकित झाला होता. सरड्यासारखा रंग बदलतो, असं त्याने लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढवलं. तुम्हाला मात्र ते डोकं रोज वाचता आलं पाहिजे. दोन नर चोचीवरची लोंबणारी सोंड धरून माना पिळतात, एकाने माघार घेतली की भांडण संपतं. तेवढं चालू द्या. रक्त दिसलं की क्षणभर थांबू नका, जखमी पक्षी उचलून बाजूला घ्या, नाहीतर सगळा कळप तिथेच टोचत बसतो. बाजूला म्हणजे नजरेआड नव्हे. जाळीपलीकडे, एकमेकांना दिसतील असं. आठवडाभर नजरेआड राहिलेला पक्षी परत आला की कळप त्याला परका समजून मारतो. नवे पक्षीही असेच, आधी दोन आठवडे जाळीआड, आणि कधीच एकटा नाही. म्हणजे शेडला जोडून ही छोटी जाळीची खोली आधीच बांधलेली हवी. यादीत ती शेवटी येते आणि म्हणून राहते.

पिल्लू एकटं वाढवून लाडावू नका. माणसाळलेला नर मोठा झाला की माणसालाच दुसरा नर समजतो. आमच्या काकांच्या गुडघ्यावर तो चढला, आणि काका मागे सरकले हीच चूक. तो फुगत आला तर उभं राहा, त्याच्या दिशेने सावकाश चाला. लहान मुलांना कुंपणात एकटं सोडू नका.

माद्या तिसाव्या आठवड्याच्या सुमारास घालायला लागतात आणि अंडी हमखास लपवतात. तेव्हा अठ्ठाविसाव्या आठवड्यालाच अंधाऱ्या कोपऱ्यात तुसाचे खोके ठेवा. नरांची नखं त्याच वेळी बोथट करा, नाहीतर माद्यांच्या पाठी फाटतात.

ट्रॅक्टरचा हॉर्न, वरातीचा डीजे, गडगडाट, प्रत्येकाला सगळे नर एका सुरात उत्तर देतात. शेजाऱ्यांना अंडी आधीच द्यायला सुरुवात करा.

ऑर्डर नोव्हेंबरपासून घ्या, पण कापणार कोण हे ऑक्टोबरातच ठरवा. नाशिकरोडच्या एका बाईंनी मागच्या वर्षी सगळ्यांत मोठा नर मागितला आणि २४ तारखेला संध्याकाळी फोन केला, की तो ओव्हनमध्ये मावत नाही. तेव्हापासून मी आधी ओव्हनचं माप विचारतो आणि बहुतेकांना चार-पाच किलोंची मादीच देतो.