स्वस्त डिजिटल स्कोप घेताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) आणि जेकार्डची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणाऱ्याला लाखांतला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची वेव्ह पडद्यावर दाखवणारा स्कोप, लागत नाही. ड्राइव्हचं पीडब्ल्यूएम (मोटरला जाणारी झटपट चालू-बंद होणारी वेव्ह) काही किलोहर्ट्झचं, एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायचं स्विचिंगही बहुधा शे-दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास. ५० ते १०० मेगाहर्ट्झचा बजेट स्कोप या कामाला पुरून उरतो. पैसे वाया जातात ते नुसता मेगाहर्ट्झचा आकडा बघून खरेदी केल्यामुळे.

हा आकडा म्हणजे स्कोपची बँडविड्थ: त्या फ्रिक्वेन्सीला वेव्ह उंचीच्या साधारण ७० टक्केच दिसते. पण ते साइन वेव्हचं गणित झालं. स्क्वेअर वेव्हची धार नीट बघायची तर क्लॉकच्या निदान पाचपट बँडविड्थ धरा. सॅम्पल रेट, म्हणजे स्कोप सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजतो तो आकडा, हाही चॅनेलमध्ये वाटला जातो. रिगोल डीएस१०५४झेडवर एका चॅनेलला सेकंदाला १०० कोटी सॅम्पल मिळतात, चारही चालू केले की प्रत्येकी २५ कोटी.

स्कोप एका वेळी किती सॅम्पल साठवतो, त्या मेमरीचं मात्र कुणी विचारतच नाही, आणि आपल्याकडे गरज तिचीच जास्त. माग सुरू होतो, सेकंदभरात ड्राइव्ह ट्रिप होतो. तो अख्खा सेकंद पकडायचा आणि मेमरी ४० हजार पॉइंटची, तर सॅम्पल रेट ४० हजारांवर येतो. ८ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमला एका फेरीत जेमतेम ५ ठिपके! त्यातून दिसेल ते चित्र खरं मानून कार्ड बदलत बसाल. मेमरी १ कोटी पॉइंटची असेल तर तोच सेकंद झूम करून बारकाईनं बघता येतो.

‘नवा स्कोपच खराब निघाला’ ही तक्रार बहुतेक वेळा प्रोबची, म्हणजे सर्किटला टेकवायच्या वायरची असते. रीडिंग दहापट चुकतंय? प्रोबचा स्विच १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान करणारा) आणि मेनूत १एक्स (जसाच्या तसा), किंवा उलट. धार गोल दिसतेय? स्विच १एक्सवर राहिला असेल. तिथे बँडविड्थ काही मेगाहर्ट्झवरच अडते. स्विच १०एक्सवर करा, स्कोपच्या १ किलोहर्ट्झ टर्मिनलला प्रोब लावा आणि स्क्वेअर वेव्हची वरची रेघ सपाट होईपर्यंत प्रोबचा ट्रिमर (छोटा स्क्रू) फिरवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप थेट मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस साधारण ५८५ व्होल्टचा. त्याच्या निगेटिव्हला क्लिप लावली की रेक्टिफायर, प्रोब, कधी स्कोपही जातो. यावर उपाय म्हणून काही जण प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. असलं धाडस अजिबात नको: मग स्कोपची बीएनसीच (प्रोब जोडायचं धातूचं सॉकेट) लाइव्ह होते आणि हात तिथेच जातो. भारी मॉडेल न घेता वाचलेल्या पैशांतून पुरेशा व्होल्टेजचा डिफरन्शियल प्रोब घ्या; तो अर्थिंगला न जोडता दोन पॉइंटमधला फरक मोजतो.

कॉम्प्युटरची डीडीआर मेमरी किंवा गिगाबिट लिंक अशा फार वेगवान सिग्नलच्या वेव्हफॉर्म तपासायच्या असतील तर मात्र बजेटच्या नादी लागू नका. आणि कारखानदार कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागणार असेल, तर ते मिळेल का आणि कितीला, हे बिल करण्याआधीच विचारून घ्या.