लेझर प्रोजेक्टरसाठी आटोपशीर आणि दणकट कनेक्टर कसे निवडावेत

लेझर शोच्या प्रोजेक्टरसाठी कनेक्टर घेताना किंमत आणि आकार यांच्या आधी एका गोष्टीचा विचार करावा, तो म्हणजे कार्यक्रम रंगात असताना मंडपात कोणाचा पाय वायरीत अडकला तर काय होईल. साध्या पार लाइटची (रंगमंचावरच्या दिव्याची) वायर सुटली तर फक्त अंधार होतो. लेझरमध्ये मात्र आडवी हालचाल ठरवणारा एक्स संकेत तुटला की पसरलेले चित्र एका उभ्या रेषेत गोळा होते, आणि उभी हालचाल ठरवणारा वाय संकेतही गेला तर सगळा प्रकाश एका ठिपक्यावर येऊन डोळ्यांना घातक ठरतो.

इल्डा पद्धतीच्या (लेझर शोसाठीच्या प्रमाणित जोडणीच्या) 25 पिनांच्या डीबी-25 कनेक्टरमध्ये एक्स संकेत 1 आणि 14 क्रमांकाच्या पिनांवर, वाय 2 आणि 15 वर, तर इंटरलॉक, म्हणजे तुटताच लेझर बंद करणारी सुरक्षा जोडणी, 4 आणि 17 वर असतो. केबल पूर्ण निघाली की इंटरलॉकचा मार्ग तुटून लेझर बंद पडतो. अर्धवट निघालेल्या केबलमध्ये मात्र एक्स-वाय संकेत तुटूनही इंटरलॉक जोडलेला राहू शकतो, म्हणूनच ती पूर्ण निघालेल्या केबलपेक्षा जास्त धोक्याची असते. जालन्यातील एका लग्नात घाईमुळे मी दोन्ही बाजूंचे स्क्रू कसले नव्हते आणि केबल एका अंगाने कलली. चित्र आक्रसताना दिसताच मी लेझर बंद केला. तेव्हापासून लांब स्क्रूचे धातूचे हूडच (कनेक्टरचे मागचे कवच) घेतो. डीबी-25 ची पट्टी सुमारे 53 मिलिमीटर रुंद असते आणि मागे केबल वळायलाही जागा लागते, त्यामुळे प्रोजेक्टर भिंतीलगत टांगायचा असेल तर काटकोनी हूड बरे.

विजेसाठी संगणकाची साधी आयईसी केबल चालते, परंतु तिला लॉक नसल्याने ती टांगलेल्या प्रोजेक्टरला लावू नये. निळा पॉवरकॉन हा विजेचा लॉक होणारा कनेक्टर 20 अँपिअरचा असून फिरवून घट्ट बसतो, मात्र भार चालू असताना तो काढू-घालू नये. पॉवरकॉन ट्रू वन 16 अँपिअरचा आहे, भार चालू असतानाही काढता येतो, आणि जोडलेल्या अवस्थेत धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून आयपी 65 दर्जाचे संरक्षण देतो. आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा आणि अचानक येणारा वळीव पाहता मी याचीच शिफारस करेन. हे दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, म्हणून सगळ्या संचासाठी एकच प्रकार ठरवावा.

आपत्कालीन बंद बटणाच्या वायरीला तीन पिनांचा एक्सएलआर अजिबात देऊ नये, कारण आपल्याकडे डीएमएक्स (दिव्यांच्या नियंत्रणाच्या संकेताच्या) आणि माइकच्या वायरी त्याच कनेक्टरवर असतात आणि ऐन घाईत चुकीची वायर तिथे सहज बसते. तिथे एम 12 हा गोल कनेक्टर उत्तम: लहान, आट्यांचा, आणि नीट कसल्यावर आयपी 67 दर्जाचा. वापरात नसलेल्या सॉकेटवर टोपण लावावे. काळ्या मातीची बारीक धूळ पिनांवर बसली की संपर्क बिघडतो.

केबल तयार करताना ओढ झाळलेल्या सांध्यावर न येता क्लॅम्पवर यावी. क्लॅम्पने तार नव्हे, बाहेरचे आवरण धरलेले असावे.

शेवटी रिकाम्या मैदानात, कमी शक्तीवर, भिंतीकडे लेझर रोखून बटणाची वायर प्रत्यक्ष उपटून पाहावी. लेझर तत्क्षणी बंद व्हायला हवा, आणि वायर पुन्हा जोडल्यावर, रिसेट दाबेपर्यंत, तो आपोआप सुरू होता कामा नये.