पावसाळ्यापूर्वी गाडीची तपासणी
ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटांतून पावसात गाडी न्यायची असेल, तर मे महिन्यातच प्रथम टायर पाहावेत, कारण ओल्या रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम त्यांच्या खाचा करतात. खाचांतील छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलावाच. माझ्या मते त्याआधी बदललेला अधिक बरा. हवा टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापल्यास ते उकळून पेडल अचानक मऊ पडू शकते. म्हणून साधारणपणे दर २ वर्षांनी ते बदलून घ्यावे. वायपरचे रबर कडक झाले असल्यास तेही बदलावे.