बायबलवाचन दिवसभराच्या वागण्यात कसं उतरवावं

बायबल रोज वाचणारे पुष्कळ जण असतात. सकाळी अध्याय होतो, खूण पुढे सरकते, आणि दुपारी कुणी विचारलं की आज काय वाचलं, तर नीट आठवत नाही. याला आळस क्वचितच कारणीभूत असतो. वाचन आणि वागणं यांच्यामधली एक पायरी राहून गेलेली असते: वाचलेलं आज, नेमक्या कुठल्या वेळी, कुणाशी वागताना लागू करायचं हे ठरवणं. याकोबाच्या पत्रात (१:२२-२५, म्हणजे अध्याय १, वचनं २२ ते २५) आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाचं उदाहरण आहे, ते याच चुकीबद्दल. तेव्हा इथे भर या पायरीवर आहे. बाकीची तयारी तिच्यासाठीच.

किती वाचावं आणि कुठून सुरुवात करावी

६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत (कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकं ७३, त्यामुळे अध्यायही जास्त). वर्षभरात सगळं संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. संपूर्ण शास्त्राची ओळख व्हावी म्हणून तसं वाचन एकदा जरूर करावं, पण आचरणासाठी ते पुरत नाही, कारण चार अध्यायांमधून दिवसभर मनात काय धरायचं हे ठरत नाही. रोजच्या मननासाठी दहा ते वीस वचनांचा एकच प्रसंग किंवा एकच मुद्दा घ्यावा.

नवीन वाचकाने मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय, छोटे प्रसंग, वेगवान कथन. या गतीने साधारण दीड महिन्यात पूर्ण होतं. नंतर फिलिप्पैकरांस पत्र (चार अध्याय) आणि याकोबाचं पत्र (पाच). मग उत्पत्ती, आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय. त्यापुढे लूक आणि प्रेषितांची कृत्ये लागोपाठ वाचावीत, कारण दोन्ही एकाच लेखकाची आहेत आणि दुसरं पुस्तक पहिल्याचाच धागा पुढे नेतं. स्तोत्रं सोबतीला ठेवावीत: आठवड्यातून एक दिवस प्रसंगाऐवजी एक स्तोत्र.

उत्पत्तीपासून सलग निघालेले बरेच जण निर्गमाच्या २५व्या अध्यायानंतर, निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मापांपाशी अडखळतात आणि लेवीय या पुढच्या पुस्तकात थांबतात. तो भाग कमी महत्त्वाचा आहे असं मुळीच नाही. यज्ञ आणि याजकपद कशासाठी होतं हे ठाऊक नसताना तो डोक्यावरून जातो, एवढंच. इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० हे अध्याय आधी वाचले की लेवीय बरंच उलगडतं.

डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं मानायचं, ही सवय मात्र सोडावी. त्यात कोण कुणाला आणि कधी बोलतंय हेच हरवतं.

सकाळची वीस-पंचवीस मिनिटं

वेळ आणि जागा ठरलेली असावी. बायबल छापील असेल तर उत्तम. फोनवर वाचायचं असेल तर आधी सूचना बंद कराव्यात. शेजारी वही आणि पेन.

सुरुवातीला एक-दोन मिनिटांची प्रार्थना: समज मागायची, आणि जे समजेल ते करण्याची तयारीही मागायची. मग उतारा दोनदा वाचावा, त्यातला एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना डोळा घाईने जे शब्द गाळतो ते कानावर पडतात. उताऱ्याच्या आधीची आणि नंतरची काही वचनंही नजरेखालून घालावीत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ साली छापले गेले. मूळ लेखकांनी यातलं काहीच घातलेलं नाही. म्हणून विचार कधीकधी भलत्याच जागी तुटलेला दिसतो. १ करिंथकरांस ११:१ हे खरं तर दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे, आणि यशया ५३चा दुःखसहन करणारा सेवक ५२:१३पासूनच आपल्यासमोर आलेला असतो.

यानंतर वहीत तीन गोष्टी लिहाव्यात, प्रत्येकी एक-दोन ओळींत. इथे कोण कुणाशी बोलतंय आणि का? यातून देवाबद्दल काय कळतं? आणि यात आज्ञा, अभिवचन, इशारा की फक्त घडलेली घटना आहे? ‘मी काय करू’ हा प्रश्न इतक्यात विचारू नये. तो आधी आला की वाचणारा उताऱ्यात स्वतःच्याच मनातलं शोधू लागतो आणि त्याला ते सापडतंही.

एक उतारा जवळून: लूक १९:१-१०

यरीहोत जक्कय नावाचा श्रीमंत मुख्य जकातदार येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो, त्याच्या घरी उतरतो, आणि जकातदारांना पापी मानणारे लोक कुरकुर करतात. जक्कय म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

आधीच्या अध्यायात (१८:१८-२७) एक श्रीमंत अधिकारी आहे. त्याला सगळं विकायला सांगितलं जातं आणि तो खिन्न होतो. लूकने ही दोन माणसं इतकी जवळ का ठेवली, याचा विचार करण्यासारखा आहे. जक्कयाला येशूने रक्कम सांगितलेली नाही. आधी येशू त्याच्या घरी आला, आकडा नंतर आला, आणि तोही जक्कयाच्या तोंडून. नियमशास्त्राप्रमाणे (गणना ५:६-७) स्वतः अपराध कबूल करणाऱ्याने घेतलेलं पूर्ण परत करून वर एक पंचमांश द्यायचा होता. चौपट ही शिक्षा मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याला होती (निर्गम २२:१). म्हणजे जक्कय स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं करतो.

आता लागू करणं. ‘मी उदार होईन’ असं लिहिलं तर दिवसभरात त्याचं काहीच होणार नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘मीही अर्धी मालमत्ता वाटली पाहिजे’ म्हणणंही उताऱ्याला धरून नाही. तो जक्कयाने स्वतः दिलेला शब्द आहे, सगळ्यांना दिलेली आज्ञा नाही, आणि मागच्याच अध्यायात दुसऱ्या माणसाकडे सर्वस्व मागितलेलं आहे. प्रमाण माणसागणिक बदललं. बदलली नाही ती ही गोष्ट: अन्यायाने घेतलेलं, ज्याचं त्याला, प्रत्यक्ष परत करायचं. मग प्रश्न उरतो, ‘माझ्याकडे दुसऱ्याचं काय आहे?’ ते पैसेच असतील असं नाही. उत्तर असं असू शकतं: ‘मागच्या अहवालाचं श्रेय मी घेतलं, काम सहकारी बाईंचं होतं. आज दुपारच्या बैठकीत वरिष्ठांसमोर मी त्यांचं नाव घेईन.’ किंवा: ‘उसने घेतलेले पैसे समोरच्याने मागितले नाहीत म्हणून राहून गेले. आज रात्री जेवणाआधी पाठवेन.’

या दोन्ही वाक्यांत माणूस आहे, वेळ आहे, कृती आहे, आणि रात्री ‘झालं’ की ‘नाही झालं’ हे निःसंशय सांगता येतं. रोजची नोंद याच कसोटीवर पारखावी. ‘जास्त सहनशील होईन’ नको. ‘संध्याकाळी मुलगा बोलत असताना त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलणार नाही’ हवं. दिवसाला एकच कृती. तीन लिहिल्या की सर्वांत सोपी होते आणि बाकीच्या दोन विस्मरणात जातात.

काही उताऱ्यांतून कृती निघत नाही, आणि ओढूनताणून काढूही नये. रोमकरांस ८:३१-३९ वाचून त्या दिवशी फक्त विश्वास धरायचा, उपकार मानायचे. तेवढं वहीत लिहिलं तरी नोंद पूर्ण आहे.

लेखनप्रकार ओळखला नाही तर काय बिघडतं

बहुतेक चुकीची आचरणं इथून निघतात, म्हणून यावर थोडं जास्त.

कथेत घडलेलं सगळंच अनुकरणासाठी नसतं. इस्राएलाचा पुढारी गिदोन याने लोकर ठेवून देवाकडे दोनदा चिन्ह मागितलं (शास्ते ६:३६-४०), पण काय करायचं हे देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. तो प्रसंग गिदोनाची भीती आणि देवाची सहनशीलता दाखवतो. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून तो वापरू नये.

बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं मत असतं असंही नाही. संकटांत सापडलेल्या ईयोबाचे मित्र पानंच्या पानं बोलतात, त्यातलं कितीतरी ऐकायला अगदी धार्मिक वाटतं, आणि शेवटी (४२:७) देव म्हणतो की ते त्याच्याविषयी योग्य बोलले नाहीत. त्यांच्या भाषणातलं एखादं वाक्य उचलून आजारी माणसाला ऐकवणं म्हणजे त्यांचीच चूक पुन्हा करणं.

नीतिसूत्रं ही अनुभवाची शहाणपणाची वाक्यं आहेत, हमीपत्रं नव्हेत. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि २६:५ म्हणतं दे. दोन्ही शेजारी ठेवली आहेत ती प्रसंग पाहून निवडण्यासाठी.

अभिवचनांच्या बाबतीत कुणाला दिलं ते पाहावं. यिर्मया २९:११, चांगल्या भविष्याचं आश्वासन, फार प्रिय आहे. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान झालेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. त्याआधी घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं हित साधा असं म्हटलंय (२९:५-७). हे वाचून आजची कृती ‘लवकरच माझी सुटका होईल’ अशी निघत नाही. नकोशा जागी राहूनही तिथल्या माणसांचं भलं करण्याची निघते. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तसंच. ‘सर्व काही करायला शक्तिमान’ हे पत्राचा लेखक पौल तुरुंगात असताना, भरपूर असो की टंचाई, समाधानी राहण्याबद्दल लिहितो. परीक्षेत किंवा स्पर्धेत यश मिळण्याचं ते आश्वासन नाही.

आणि स्तोत्रांत सगळीकडे आनंद नसतो. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. दुःखाच्या दिवशी त्याला जबरदस्तीने आशेचा शेवट जोडण्याची गरज नाही. ते जसंच्या तसं प्रार्थना म्हणून म्हणता येतं.

दिवसभर सोबत ठेवणं आणि रात्रीची तपासणी

ठरवलेली कृती आणि उताऱ्यातलं एक वचन छोट्या कागदावर लिहून खिशात ठेवावं. दुपारी एकदा कागद उघडायचा. आठवड्याला एक वचन पाठ करावं, संदर्भासकट: आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ. नुसतं वचन पाठ असेल तर काही महिन्यांनी ते कुठलं, कुणाला म्हटलेलं, हे विसरतं आणि मग ते हवं तिथे चिकटवलं जातं.

रात्री तीन मिनिटं पुरतात. सकाळच्या नोंदीसमोर ‘झालं’ किंवा ‘नाही’ लिहावं. ‘नाही’ असेल तर कारणही: वेळ आली नाही, विसरलो, की धीर झाला नाही. वेळ आली नसेल तर कृती उद्यावर न्यावी. विसर पडला असेल तर तिला ठरलेल्या एखाद्या वेळेला जोडावं. धीर झाला नसेल तर ती लहान करावी. समोरासमोर क्षमा मागणं जड जात असेल तर आधी भेटीची वेळ मागण्याचा एक फोन.

वही वाचताना एक गोष्ट तपासावी: नोंदींमध्ये दुसऱ्यांच्या चुका येतायत का? ‘हे वचन त्याने वाचायला हवं’ असं वारंवार वाटू लागलं, की मत्तय ७:३-५मधलं कुसळ आणि मुसळ काढून वाचावं.

‘नाही’ची रांग लागली तर अपराधीपण दाटतं आणि माणूस वहीच बंद करतो. अशा वेळी निर्गम २० उघडावं. दहा आज्ञा सुरू होण्याआधी दुसऱ्या वचनात देव सांगतो की मी तुला दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. इफिसकरांस २:८-१०मध्येही हाच क्रम आहे: कृपेने तारण, आणि मग सत्कृत्यं.

जिथे एकट्याने ठरवू नये

लग्न, नोकरी सोडणं, औषधोपचार थांबवणं, मोठा आर्थिक निर्णय: यासाठी एका सकाळचं एक वचन आधार धरू नये. संपूर्ण पुस्तक वाचावं आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) जाणत्या माणसांशी बोलावं. औषधांचा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा.

क्षमेची आणि अधीनतेची वचनं मारहाण सहन करायला लावण्यासाठी वापरली जातात, हे फार दुःखद आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. दाविदाने, त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजावर सूड उगवला नाही, हातात सापडलेला असताना त्याला जिवंत सोडलं (१ शमुवेल २४), पण भाला फेकणाऱ्या शौलाच्या घरातून तो निसटला (१९वा अध्याय) आणि परत तिथे राहायला गेला नाही. धोका असेल तर आधी सुरक्षित जागी जावं, मदत मागावी. क्षमेचा विचार तिथे बसून करता येतो.

खंड पडला तर

चार दिवस बुडाले म्हणून पाचव्या दिवशी पाच उतारे वाचू नयेत. त्यात वाचन उरकतं आणि कृती एकही ठरत नाही. जिथे थांबलात तिथूनच पुढचा एक उतारा घ्यावा. तेवढाही वेळ नसलेल्या दिवशी पाठ केलेलं वचन मोठ्याने म्हणून एक कृती ठरवावी.

एक पुस्तक पूर्ण झालं की पुढचं सुरू करण्याआधी एक सकाळ वहीच्या नोंदींसाठी ठेवावी. ज्या कृती तीनदा ‘नाही’वर थांबल्या त्यांखाली रेघ मारावी आणि त्यातली एक विश्वासू व्यक्तीला सांगून, आठवड्याने तिने त्याबद्दल विचारावं अशी विनंती करावी.